नीममधले चार दिवस आणि एक चावीवाला

पहिला दिवस

माझी चूक आधीच कबूल करते. पॅरिसहून नीमची तिकिटं मी काढली, आणि यादीत ‘नीम पाँ द्यु गार’ असं स्टेशन दिसल्याबरोबर पुढचंमागचं न बघता तेच घेतलं. नीम म्हणजे शहर, पाँ द्यु गार म्हणजे शहराबाहेरचा तो रोमन पूल. एका तिकिटात दोन्ही, आणखी काय हवं? तीन तासांनी उतरलो तर समोर ना शहर, ना पूल. चारी बाजूंना शेतं आणि मधोमध २०१९ साली उघडलेलं चकचकीत स्टेशन. शहर इथून दहा-बारा किलोमीटर, पूल भलत्याच दिशेला. “नाव सोनूबाई,” एवढंच हे म्हणाले आणि बॅगा उचलल्या. नशिबाने तिथूनच शहरात जाणारी लोकल मिळाली. दहा मिनिटांत खऱ्या नीमला पोचलो.

भाची मोंपेलिएला शिकते. ते इथून गाडीने अर्ध्या तासावर. ती आम्हाला न्यायला तासभर आधीच येऊन बसली होती. “मावशी, मी तुला दोनदा सांगितलं होतं, सेंटर म्हणून.” सांगितलं होतं खरं.

नीमचं हे जुनं स्टेशन कमानींवर उभं आहे. फलाट वर, रस्ता खाली. जिना उतरून बाहेर पडलं की दुतर्फा झाडांचा रुंद रस्ता थेट शहरात नेतो. रस्त्यात ठिकठिकाणी पितळी बिल्ले ठोकलेत, त्यांवर मगर आणि माडासारखं एक झाड. दक्षिण फ्रान्समध्ये मगर कुठून आली? तर रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात इथे पाडलेल्या नाण्यावर एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिपा यांचे चेहरे होते, आणि दुसऱ्या बाजूला खजुराला साखळीने बांधलेली मगर. म्हणजे रोमने जिंकलेला इजिप्त. १५३५ मध्ये ती शहराची राजमुद्रा झाली आणि १९८०च्या दशकात फिलिप स्टार्क या डिझायनरने तिला आजचं रूप दिलं. आता ती गटाराच्या झाकणापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे भेटते.

बॅगा टाकून संध्याकाळी सहाला रंगभूमीकडे गेलो. रंगभूमी म्हणजे ॲम्फिथिएटर. इथले लोक ‘आरेन’ म्हणतात. मे महिना, रात्री नऊपर्यंत उजेड, त्यामुळे घाई नव्हती. १३३ मीटर लांब, १०१ मीटर रुंद, २१ मीटर उंच, आणि साठ-साठ कमानींचे दोन मजले. रोमच्या कोलोसियमपेक्षा लहान, पण कोलोसियमचा अर्धा घेर पडून गेलाय, हिचा पूर्ण शाबूत आहे. कारण मजेशीर आहे: हिला कुणी रिकामी ठेवलीच नाही. रोमन गेल्यावर व्हिसिगॉथ नावाच्या जर्मानिक लोकांनी हिचा किल्ला केला, पुढे आत घरं उठली, गल्ल्या झाल्या, दोन चर्चही झाली. अठराव्या शतकातही सातशेच्या आसपास माणसं आत राहत होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वस्ती हलवून कमानी मोकळ्या केल्या. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या मला हे ऐकून फार आपलंसं वाटलं. कमानीच्या खोलीत कुणाचं तरी स्वयंपाकघर असणार आणि वरच्या बाईच्या सांडपाण्यावरून रोज भांडण.

आत ३४ ओळी. त्या काळी २४ हजार माणसं बसायची. सगळ्यात वर चढताना पायऱ्या गुडघ्याला भिडतात. एका दगडावरच्या कोरीव अक्षरांमुळे कळतं की ऱ्होन आणि साओन नद्यांवरच्या नावाड्यांसाठी इथे ४० जागा राखीव होत्या. नगरपरिषदेचा ठरावच होता तसा. ह्यांना हे इतकं आवडलं की घरी फोन लावून धाकट्या दिराला सांगितलं. तिथे मध्यरात्र होती.

रिंगणात लाकडी कठडे रंगवणं चालू होतं, कारण पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची ‘फेरिया’, म्हणजे जत्रा, जवळ आली होती. त्यात बैलांच्या झुंजी होतात, बैल मारला जातो. ती मी बघणार नाही, फुकट तिकीट दिलं तरी. पण इथला दुसरा खेळ, जवळच्या कामार्ग भागातला, मला पटला: पांढऱ्या कपड्यातले तरुण बैलाच्या शिंगाला बांधलेल्या फिती ओढतात, बैल त्यांना कठड्यावरून उड्या मारायला लावतो आणि खेळ संपला की बैल घरी जातो. चांगल्या बैलाचं नाव पोस्टरवर माणसांच्या नावांपेक्षा मोठं असतं. बैलगाडा शर्यतवाल्यांना हे सांगायला हवं.

बाहेर पडलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि समोरची इमारत पेटल्यासारखी दिसत होती. ते रोमन संस्कृतीचं संग्रहालय, २०१८ साली उघडलेलं. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ द पोर्झांपार्क यांची रचना. जवळजवळ सात हजार काचेच्या चौकटींची सलग लहरती भिंत. रोमनांच्या अंगावरचा टोगा म्हणे. मला त्या सरळ निऱ्याच वाटल्या, नऊवारीच्या. हे म्हणाले, “धुतलेली चादर वाळत घातलीय.” दोघांचंही बरोबर असावं.

दुसरा दिवस

सकाळी मेझाँ कारे. शब्दशः अर्थ चौकोनी घर, पण आहे लांबट आयत. जुन्या फ्रेंचमध्ये काटकोनी सगळंच ‘कारे’, असं भाचीने सांगितलं. देऊळ आहे हे. ऑगस्टसचे नातू आणि दत्तक वारस गायस आणि लुसियस यांना वाहिलेलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. दोघंही तरुणपणीच गेले. १५ पायऱ्या चढून वर जायचं. संख्या विषम का? पहिल्या पायरीवर उजवा पाय टाकला की शेवटच्या पायरीवरही उजवाच पडतो. मी मोजत चढले आणि वर डावा पाय टेकला. पुन्हा खाली जाऊन आले.

मला इथे सगळ्यात जास्त आवडली ती भोकं. दर्शनी खांबांवरच्या आडव्या पट्टीत पूर्वी ब्राँझची अक्षरं ठोकलेली होती. ती मध्ययुगात कुणीतरी काढून नेली, उरली फक्त खिळ्यांची भोकं. १७५८ मध्ये ज्याँ-फ्राँस्वा सेगिये या नीमच्याच विद्वानाने त्या भोकांच्या मांडणीवरून अक्षरं ओळखली आणि देऊळ कुणाचं ते सांगितलं. खालून बघितलं तर पट्टीवर नुसते काळे ठिपके दिसतात. बंद पडलेल्या दुकानाची पाटी काढल्यावर भिंतीत जशी भोकं राहतात, तशी. त्यावरून दुकानदाराचं नाव वाचायचं!

देऊळ टिकलं तेही रंगभूमीसारखंच, सतत वापरात राहून. घर झालं, तबेला झाला, चर्च झालं, दप्तरखाना झाला. अमेरिकेचा थॉमस जेफरसन न बघताच याच्या प्रेमात पडला आणि व्हर्जिनियाचं रिचमंडमधलं विधानभवन त्याने याच्यावरून बेतलं. प्रत्यक्ष इथे तो त्यानंतर आला, १७८७ मध्ये. युनेस्कोच्या यादीत मात्र हे २०२३ मध्ये आलं.

आता खरी गंमत. देवळाच्या समोर, रस्ता ओलांडला की काच आणि पोलादाची इमारत आहे, कारे दार. ब्रिटिश आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरची, १९९३ची. वाचनालय आणि आधुनिक कलेचं संग्रहालय एकत्र. पूर्वी इथे शहराचं नाट्यगृह होतं, १९५२ मध्ये ते जळलं आणि दर्शनी खांब तेवढे उरले. नवी इमारत बांधताना ते खांब उचलून एका महामार्गाच्या विश्रांतिस्थळी नेऊन उभे केले! यावर लोक रागावले असतील तर मी त्यांच्या बाजूने. पण इमारत बघून राग टिकत नाही. नऊ मजले आहेत, पैकी जवळपास निम्मे जमिनीखाली, म्हणून ती देवळाच्या डोक्यावर बसत नाही. पुढे पाच सडपातळ पोलादी खांब, वर पातळ छत. देवळाच्या ओसरीला तिने ओसरीनेच उत्तर दिलंय, पण आवाज न चढवता. आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढून मी एवढं शिकले की जुन्या इमारतीशेजारी बांधताना दोन चुका होतात: एक तिची नक्कल करायची, दुसरी तिला पाठ दाखवायची. इथे दोन्ही केलेल्या नाहीत. वरच्या मजल्यावर उपाहारगृह आहे. तिथून देवळाचं कौलारू छप्पर डोळ्यांच्या पातळीवर येतं. कॉफी महाग, पण नजारा त्याहून महाग पडला असता.

दुपारी ले आल नावाच्या मंडईत जेवण. नीमची खासियत ब्राँदाद: खारवलेला कॉड मासा भिजवून, ऑलिव्ह तेल आणि दूध घालून लोण्यासारखा घोटतात. कॉड या समुद्रातला नाहीच. उत्तरेकडचे कोळी मीठ न्यायला खाली एग-मोर्तच्या मिठागरांपर्यंत यायचे, आणि मिठाच्या बदल्यात मासा देऊन जायचे. बटाटा घातलेलं ब्राँदाद नीमवाल्याला दाखवू नये म्हणतात. मला खाऱ्या माशाचा वास लहानपणापासून ओळखीचा, पण तो असा मऊ, पांढरा, पावावर लावायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि पिकोलीन ऑलिव्हची वाटी आपल्याकडे ओढली.

मंडईतून परतताना एका दुकानात जीन्स टांगलेली, खाली मगरीची खूण. डेनिम हा शब्द ‘द नीम’ म्हणजे नीमचा यातून आला असं सांगतात. इथलं सर्ज कापड पूर्वी दूरवर जायचं. मी भाचीला म्हटलं, तू कॉलेजात असताना ती डंगरी घालायचीस ना, ते नाव आपल्या डोंगरीचं. मुंबईतल्या डोंगरीच्या बाजारात मिळणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रजांनी नेलं, त्याचं झालं डंगरी. म्हणजे जगभरच्या कामगारांच्या कपड्यांची दोन नावं, एक या गावचं आणि एक सँडहर्स्ट रोड स्टेशनाजवळचं. भाचीचा विश्वास बसेना. तिने तिथेच फोनवर शोधून पाहिलं आणि मग दुकानदाराला फ्रेंचमध्ये सांगितलं. त्याचाही बसेना.

संग्रहालय आतून बघायला चार तास लागले, सगळं लिहीत नाही. एकच मोझेक सांगते. पार्किंग बांधायला ज्याँ जोरेस रस्ता खोदला तेव्हा, २००६-०७ मध्ये, श्रीमंतांच्या घरांच्या फरशा मिळाल्या. त्यांतली एक पेंथियसची. मद्यदेवाच्या उन्मादात आईच आपल्या मुलाला ओळखत नाही आणि मारते, ती गोष्ट. हे चित्र कुणी जेवणाच्या दालनात का करून घेतलं असेल, ते रोमनच जाणोत. गच्चीवर बाग केलीय, तिथे जायला तिकीट नाही. समोर अख्खी रंगभूमी.

तिसरा दिवस

पाँ द्यु गारला जायला स्टेशनामागून बस मिळते. माझं ते ‘दोन्ही एकात’ तिकीट आठवून भाची अख्ख्या प्रवासात हसत होती.

हा दिवस ह्यांचा. ३४ वर्षं मुंबईच्या पाणी खात्यात काढलेला माणूस. आदल्या रात्रीपासून वहीत आकडे. रोमनांनी उझेस गावाजवळच्या झऱ्याचं पाणी कालव्याने नीमला आणलं. सरळ अंतर २० किलोमीटर, पण मध्ये डोंगर, म्हणून वळसे घेत कालवा झाला ५० किलोमीटरचा. आणि एवढ्या लांबीत उतार किती? १२ मीटरच्या थोडा वर. “म्हणजे किलोमीटरला २५ सेंटिमीटर. अगं, आपल्या सोसायटीच्या गच्चीला यापेक्षा जास्त उतार आहे, तरी पाणी साचतं.” पंप नाही, मोटर नाही, लेव्हल बघायला आजची दुर्बीण नाही. आणि वाटेत गार्दों नदीची दरी आली म्हणून हा पूल. माणसांसाठी नाही, पाण्यासाठी.

झाडीतून चालत गेलं की तो एकदम समोर येतो. ४९ मीटर उंच, तीन मजले. खाली सहा कमानी, मध्ये अकरा, वर लहान लहान ३५ (मूळच्या ४७ होत्या). खालच्या दोन मजल्यांत चुना नाही, सहा टनांपर्यंतचे दगड नुसते एकावर एक. दगडांतून ठिकठिकाणी ठोकळे बाहेर आलेले दिसतात. ते बांधकामाच्या परांचीला आधार द्यायला ठेवले होते आणि नंतर तासायचे राहिले की मुद्दाम ठेवले, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मला वाटतं, पुढच्या दुरुस्तीला लागतील म्हणून ठेवले. कामाचा माणूस तसंच करतो.

पूल हलक्या मधासारखा पिवळा. दगड जवळच्याच खाणीतला. खाली नदीत पोरं पोहत होती, होड्या चालल्या होत्या. ह्यांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ वर बघत राहिले. पुलावरून जाणारा कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम अडीच सेंटिमीटर उतरतो, हे त्यांना काल रात्री कळलं होतं. “अडीच सेंटिमीटर,” ते दोनदा म्हणाले. मग गप्प. पाण्यातला चुना कालव्याच्या भिंतींवर साचत साचत त्याची रुंदी खाऊन गेला. रोमन राज्य गेल्यावर तो खरवडायला माणूस उरला नाही आणि सहाव्या शतकापर्यंत पाणी बंद पडलं. हा भाग ह्यांनी असा सांगितला जणू खात्यातली कुठली जुनी तक्रार.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी हा दिवस लिहावा. रोमन पुलाला चिकटून, पहिल्या मजल्याच्या उंचीवर दुसरा पूल आहे, गाड्यांचा रस्ता म्हणून १७४३ ते ४७ मध्ये बांधलेला. इतक्या बेमालूमपणे जोडलाय की लांबून कळतही नाही. माहितीफलक वाचता वाचता भाची म्हणाली, “काका, इंजिनियरचं नाव आँरी पितो.” हे उठलेच. “पितो? पी-आय-टी-ओ-टी? पिटॉट?” पाइपातल्या पाण्याचा वेग मोजायला जी नळी वापरतात, पिटॉट ट्यूब, तिचा हा बाप! ३४ वर्षं ज्याचं नाव चुकीचं उच्चारलं तो माणूस इथला निघाला, इथून जवळच्याच आरामों गावचा. आजूबाजूला जपानी, जर्मन, फ्रेंच मंडळी रोमन कमानींचे फोटो काढत होती आणि आमचे हे त्यांच्याकडे पाठ करून शेजारच्या अठराव्या शतकातल्या कठड्यावर हात ठेवून फोटोला उभे. “रोमन नको यायला फ्रेममध्ये,” म्हणाले. आता ते सांगा कसं जमायचं.

रात्री सगळे लवकर झोपलो.

चौथा दिवस

सकाळपासून मिस्त्राल, उत्तरेचा कोरडा वारा. टोपी हातात धरून फाँतेनच्या बागेत गेलो. नीमचं नाव ज्यावरून पडलं तो नेमोझस देवाचा झरा इथे. अठराव्या शतकात मारेशाल नावाच्या लष्करी इंजिनियरने झऱ्याभोवती कुंड, पायऱ्या, पुतळे उभे केले. एका कोपऱ्यात छप्पर कोसळलेलं रोमन बांधकाम आहे, त्याला डायनाचं देऊळ म्हणतात. देऊळ नसून ग्रंथालय असावं असा अभ्यासकांचा कल आहे. भिंतींवर शेकडो वर्षांच्या प्रवाशांनी नावं कोरलेली. आपल्याकडचे ‘अमुक प्लस तमुक’ वाले एकटे नाहीत.

वर टेकडीवर तूर मान्य, रोमन तटबंदीचा बुरूज. आज ३२ मीटर. १६०१ मध्ये त्रोका नावाच्या एका माळ्याला वाटलं की आत खजिना पुरलाय, आणि त्याने आतून इतकं खणलं की बुरूज खिळखिळा झाला. खजिना नाही मिळाला. १४० पायऱ्या, मी अर्ध्यावरून परत आले, गुडघ्याने रंगभूमीची आठवण करून दिली. हे आणि भाची वर जाऊन आले.

दुपारी मी हट्टाने स्टेशनापलीकडे नेलं, जिथे प्रवासी सहसा जात नाहीत. ज्याँ नूव्हेल या फ्रेंच आर्किटेक्टने १९८७ मध्ये बांधलेली सरकारी स्वस्त घरं, नाव तेच, नेमोझस. दोन लांबलचक इमारती, खांबांवर उचललेल्या जहाजांसारख्या, मध्ये जुन्या चिनारांची रांग तशीच राखलेली. ११४ घरं. प्रत्येक मजल्यावर एका बाजूने रुंद मोकळी गॅलरी, तिच्यातून घरात शिरायचं. दुसऱ्या बाजूला घराच्या रुंदीएवढा सज्जा. अहो, ही चाळ! पत्र्याची, चकचकीत, पण चाळच. गॅलरीत सायकली, कुंड्या, एका दारापुढे लहान मुलाची तीनचाकी. एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी खालून हात केला. पत्र्यावर डाग पडलेत, कठडे कुठे कुठे वाकलेत, आणि तरी मला ती फॉस्टरच्या काचेइतकीच आवडली.

गाडीला दोन तास होते. ह्यांनी वहीतलं शेवटचं पान काढलं: कास्तेलुम, म्हणजे रोमनांचं पाणी वाटायचं कुंड. टेकडीच्या पायथ्याशी, एका साध्या उताराच्या रस्त्यावर, कठड्यापलीकडे. १८४४ मध्ये सापडलेलं, आत जायला तिकीट नाही, फलक एकच. दगडात खोदलेलं गोल कुंड, साडेपाच मीटर व्यासाचं. ५० किलोमीटर चालून आलेलं पाणी एका चौकोनी तोंडातून इथे पडायचं आणि समोरच्या भिंतीतल्या दहा गोल भोकांतून शिशाच्या नळ्यांनी शहरभर जायचं. कारंजी, न्हाणीघरं, श्रीमंतांची घरं.

हे कठड्याला रेलून भोकं मोजत राहिले. दहा. तळाशी आणखी तीन, कुंड रिकामं करायला. “बघ, त्या कडेला खाच आहे. दार खालीवर करायचं असणार. कुणाला किती सोडायचं ते इथे ठरायचं.”

“मग इथे कुणीतरी बसत असेल ना, काका?” भाचीने विचारलं.

“बसत असेल म्हणजे? चावीवाला!” मुंबईत गल्लीगल्लीची चावी फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला खात्यात चावीवालाच म्हणतात. “आणि लोक त्याच्याशीच भांडत असणार. आमच्याकडे आज पाणी कमी आलं म्हणून.”

वाऱ्याने फलकाचा एक कोपरा खडखडत होता. कुंडात पाणी नव्हतं, नुसती वाळलेली पानं. आम्ही निघालो तरी हे मागेच होते. वळून बघितलं तर कठड्याशी वाकून, बसायची जागा कुठे असेल ते शोधत होते.